माणसांचे फेटे, मेंढरांची तोंडं

चूक रविराजची होती. हे लिहिणाराही तोच असल्यामुळे ती पहिल्याच ओळीत कबूल करून टाकलेली बरी. यापुढं त्याला चारचौघांसारखंच वागवण्यात येईल.

तर झालं असं, की धाकट्या बहिणीच्या, धनश्रीच्या साखरपुड्याला रविराजनं केंदूरच्या मांडवात दोन्हीकडच्या सगळ्या पुरुषमाणसांना एकाच रंगाचे फेटे बांधायचं ठरवलं. फोटो चांगले येतात, एवढंच कारण. शिरूरहून एक फेटेवाला आणला. सत्तरीकडं झुकलेला, धोतर-सदऱ्यातला, भरघोस पांढऱ्या मिशांचा. त्यानं दोन तासांत साठ गुलाबी फेटे बांधले आणि जाहिरात म्हणून एकसष्टावा स्वतःला बांधला. शिवाय रविराजनं डीजे सांगितला होता. तो मांडवाच्या दारातच ठेवला होता आणि वाजत होता.

व्याहीभेटीची वेळ झाली. घरातला थोरला पुरुष म्हणून हा मान म्हस्कूआबांचा, म्हणजे रविराजच्या आजोबांचा. पलीकडून नवऱ्या मुलाचे आजोबा, यवतचे चांगदेव. दोन्ही म्हाताऱ्यांनी एकमेकांना गंध लावायचं, टॉवेल-टोपी-नारळ द्यायचा आणि गळाभेट घ्यायची. जेवणात मीठ कमी पडलं तर पाहुणे चालवून घेतात. यातली कसूर चालवून घेत नाहीत.

आबा ताट घेऊन पुढं झाले. समोर तीन-चार म्हातारे उभे होते. आबांनी नेहमीप्रमाणं आधी सगळ्यांच्या पायांकडं पाहिलं, मग हातांकडं, आणि मग ठाम पावलं टाकत जाऊन फेटेवाल्याच्या कपाळाला गंध लावलं. टॉवेल खांद्यावर टाकला, टोपी दिली, नारळ दिला, कडकडून मिठी मारली आणि डीजेच्या आवाजातही ऐकू जावं म्हणून त्याच्या कानात ओरडून म्हणाले, "आजपास्नं आमची पोर तुमची!"

फेटेवाल्याचे डोळे भरून आले. तीस वर्षांत त्याच्या कामाची अशी कदर कुणी केली नव्हती.

चांगदेव दोन हातांवर कपाळ पुढं करून उभे होते. ते कपाळ तसंच मागं गेलं.

यवतची मंडळी जिलेबीला हात न लावता जीपमध्ये बसली. निघताना चांगदेव एवढंच म्हणाले, "ज्याला मान दिला त्याच्याच घरात द्या पोरगी. आमी आठ दिसांत कळवतो." आठ दिवसांत कळवतो म्हणजे काय, हे शाळेत शिकवत नाहीत, तरी सगळ्यांना येतं.

मुलगा धनश्रीनं स्वतः पसंत केलेला होता. कुरकुंभच्या एका कंपनीत इलेक्ट्रिशियन, शिफ्ट कोणतीही असो, दिवसातून एक फोन ठरलेला. त्या संध्याकाळी फोन आला नाही. धनश्री रडली नाही. तिनं रविराजला बोलावून शांतपणे सांगितलं, "दादा, हे मोडलं ना, तर साठच्या साठ फेट्यांत गुंडाळून तुला विहिरीत सोडीन."

गावात म्हस्कूआबांविषयी दोन मतं होती. एक, म्हातारा माजोरी आहे. दुसरं, म्हातारा फार माजोरी आहे. समोरून माणूस हसत आला तरी आबा खांबाकडं बघावं तसं बघून पुढं जायचे. मुंजाच्या पारावर रोज बसणारा माणूस शिक्रापूरच्या बाजारात भेटला, तर त्याला ओळख द्यायचे नाहीत. एकदा सख्ख्या साडूला त्यांनी "कोन गाव पाव्हणं?" असं विचारलं होतं, तेही साडूच्याच घरात. आता माणसाचा मेंदू रिकामी जागा कोरी ठेवत नाही. कुणी ओळख दिली नाही, की का दिली नाही हे तो स्वतःच भरून टाकतो, आणि भरताना चांगलं काही भरत नाही.

नोकरीत मात्र याच गुणाचं सोनं झालं होतं. कळप कमी केल्यावर आबांनी कुरकुंभला खोली करून अकरा वर्षं एका औषधाच्या कंपनीच्या गेटवर वॉचमनगिरी केली. सगळ्यांना एकच निळा ड्रेस, एकच टोपी. आबा प्रत्येकाचं कार्ड बघत. रोज. "चाचा, रोज तो मिलते हैं!" म्हणून बिहारी पोरं वैतागायची. "मिलते होंगे, कार्ड दिखाव," आबा म्हणायचे. एकदा खुद्द मालकाला त्यांनी वीस मिनिटं उन्हात उभं केलं. मालकानं खूश होऊन त्यांना 'कर्तव्यदक्ष सुरक्षारक्षक' असं प्रमाणपत्र दिलं. ते अजून घरात कणगीच्या वर टांगलेलं आहे. देताना मालकानं हात मिळवला, तेव्हा आबांनी शेजाऱ्याला हळूच विचारलं, "ह्ये कोन?"

करोनाची दोन वर्षं तर आबांची फार सुखात गेली. सगळ्यांच्या तोंडाला फडकं. जो तो लांबूनच "मी अमुक, आबा" असं सांगायचा. त्या दोन वर्षांत आबांचं कुणाशीही वाकडं आलं नाही. सगळं गाव त्यांच्या पातळीवर आलं होतं, पण ते गावाला कळलं नाही आणि आबांनाही नाही.

साखरपुड्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी गौतमी आली. गौतमी म्हणजे बौद्धवाड्यातल्या मच्छिंद्र मिस्त्रींची मुलगी. रविराजच्या वर्गातली, आणि वर्गात कायम त्याच्या पुढं. आता शिरूरला कॉलेजात मानसशास्त्र शिकवते. काल ती मांडवात होती आणि आबा पाय बघतात, हात बघतात, तोंड बघतच नाहीत, हे तिनं नेमकं टिपलं होतं.

आबा ओट्यावर बसले होते. शेजारी अनसाआजी गवार मोडत होत्या. "आबा, मी गौतमी. जरा फोटो दाखवू का?" म्हणून तिनं मोबाईल पुढं केला. पहिला फोटो एका तरुणाचा, नुसत्या चेहऱ्याचा.

"ह्यो कोन?" आबा म्हणाले.

"तुम्हीच सांगा."

"दाढीवाला हाय. बँकेतला हाय का?"

तो रविराज होता. शेजारीच उभा होता. दुसरा फोटो एका म्हाताऱ्या बाईचा, तोही नुसता चेहरा. आबांनी बराच वेळ पाहिला. "बाई गरीब दिसती. कुटली?"

अनसाआजींनी गवारीतून मान वर केली नाही. "मीच हाय ती," म्हणाल्या.

मग गौतमीनं रविराजला मेंढरांचा जुना फोटो शोधायला सांगितलं. घरच्या राहिलेल्या नऊ मेंढ्या वाटेनं चालल्या होत्या, मागल्या वर्षीचा फोटो. आबांनी मोबाईल हातात घेतला आणि बोट ठेवत गेले. "ही चांदी. ही भुंडी. ही चांदीची थोरली. ही... ही आपली न्हाई. ही कुटनं शिरली?" जरा थांबून म्हणाले, "हां. आपली कानी इकली व्हती पाबळवाल्याला, तिची लेक. नाकाड आईचंच हाय."

रविराजला त्या फोटोत दहा मेंढ्या दिसत होत्या. दहाही तीच मेंढी होती.

गौतमीनं मोबाईल खाली ठेवला. "आबा, तुम्ही माणसं ओळखता कशावरून?"

"कशावरनं म्हंजी? समदी वळखत्यात तसंच. चालीवरनं, खोकल्यावरनं, वहाणंवरनं. कोन मान वाकडी धरतो, कोन नाक वढतो. लय ध्यान द्याया लागतं. मी जरा कमी पडतो त्यात. बाप लय मारायचा ल्हानपणी, चुलत्याला रामराम घातला न्हाई म्हनून. बाकीच्यांचं पाठांतर चांगलं हाय."

"आबा, बाकीचे पाठ करत नाहीत. त्यांना तोंड बघून कळतं."

आबांनी तिच्याकडं पाहिलं. मग रविराजकडं. मग पुन्हा तिच्याकडं.

"निस्तं तोंड बघून?"

"हो."

"आवाज न ऐकता?"

"हो."

"लांबनं?"

"लांबूनही."

आबा एकाहत्तर वर्षांचे होते. त्यांनी आजींपुढची एक शेंग उचलली, पुन्हा खाली ठेवली. मग म्हणाले, "मग सोपं हाय की लोकांचं."

गौतमीनं समजावलं ते असं. मेंदूत मागच्या अंगाला, खाली, विशेष करून उजव्या बाजूला, चेहरे ओळखायचं एक खातं असतं. शंभरातल्या एखाद्या माणसाचं ते जन्मापासून नीट चालत नाही. डोळे चांगले, डोकं चांगलं, पण चेहरा काही मनात राहत नाही. "ग्रामपंचायतीत कसं आबा, ग्रामसेवकाचं पद मंजूर असतं, खुर्ची असते, माणूसच नेमलेला नसतो. बाकी कारभार चालू."

"आन् मेंढरांचं खातं?"

"ते जोरात चालू आहे."

"अनसे," आबा वळून म्हणाले, "तुला ठावं व्हतं?"

आता या घरातली एक गोष्ट सांगायला हवी. अनसाआजी कुठंही शिरताना "मी हाय" असं म्हणतात. स्वयंपाकघरातून ओट्यावर आल्या, तरी "मी हाय". रानातून आल्या, "मी हाय". सुना-नातवंडं त्यांची नक्कल करायची. म्हातारीला सवय आहे, असंच सगळे समजत होते.

"लगीन झालं त्या साली खंडोबाच्या जत्रंत मला सोडून दुसऱ्याच बाईसंगं निघालावता यष्टीकडं," आजी म्हणाल्या. "तिचंबी लुगडं हिरवं. ती बिचारी रडकुंडीला आली. तवापास्नं बोलूनच पुढं येती मी."

"मग सांगितलं का न्हाईस कुनाला?"

"काय सांगू? नवरा वळखत न्हाई म्हनून?" आजींनी गवारीचा देठ मोडला. "माह्यारी बोलावली असती मला."

गौतमी उठली, पण गेली नाही. तिला स्वतःचंही काही विचारायचं होतं. "आबा, दोन हजार सहा साली शिरूरच्या स्टँडवर माझे वडील तुम्हाला भेटले होते. मी त्यांचं बोट धरून होते. त्यांनी हात वर केला, हसले. तुम्ही तसेच पुढं गेलात. चार माणसांत."

आबांची विहीर मच्छिंद्र मिस्त्रींनीच बांधलेली. दोन उन्हाळे दोघांनी एकाच भाकरीतली भाकरी खाल्ली होती. त्या दिवसानंतर मिस्त्री एकोणीस वर्षं आबांशी बोलले नव्हते. धनगराच्या म्हाताऱ्यानं बौद्धवाड्यातल्या माणसाला चारचौघांत ओळख दिली नाही, याचा मिस्त्रींनी जो अर्थ लावला, तो लावायला गावात कारणं कमी नव्हती. इकडं आबांना वाटत होतं, मच्छिंद्रला कामं फार, म्हणून येत नसेल.

"तवा त्यानं मिशी काढली व्हती का?" आबांनी विचारलं.

गौतमीनं आठवलं. "हो. आजी वारली होती, त्याच महिन्यात काढली होती."

"आरं द्येवा," आबा म्हणाले. "मिशीबिगर मच्छिंद्र." आणि त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. "त्याला जयभीम राह्यला माझा."

"घाला की मग," गौतमी म्हणाली.

"घालतो. आधी पोरीचं लगीन वाचवू."

पाचव्या दिवशी रविराजच्या मोटारसायकलवर आबा आणि तो न्हावऱ्यावरून चौफुल्याला उतरून यवतला गेले. चांगदेव घराच्या ओट्यावर बसले होते. त्यांनी रामराम केला नाही. बसा म्हणाले नाहीत. रविराजनं उभ्यानंच गौतमीनं सांगितलेलं सगळं म्हणून दाखवलं. मेंदू, उजवी बाजू, खातं, ग्रामसेवक.

चांगदेव ऐकून घेऊन म्हणाले, "तू कंपनीत ल्याबमधी हायस म्हनं. तिथंच बनवलं का ह्ये?"

"खरंय आजोबा. आबांना मेंढरांची तोंडं ओळखू येतात, माणसांची नाही."

"म्हंजी आमी मेंढरांच्या खाली."

"तसं नाही—"

"बरं, मेंढरं हायेत की," चांगदेव उठले. "बघूच."

घरामागच्या रानात कांदा निघाला होता आणि खतासाठी एका मेंढपाळाचा कळप तिथं बसवलेला होता. सत्तरएक मेंढ्या, जाळीच्या वाघरीत. चांगदेवांनी मेंढपाळाला चार मेंढ्या धरून आणायला सांगितल्या, आबांसमोर उभ्या केल्या आणि चहा मागवला. "चा संपुस्तोवर बघा." आबांनी चहा बशीत ओतला. मेंढ्यांकडं बघत प्यायले. मग चांगदेवांनी चारही कळपात सोडल्या, कळप एकदा गोल फिरवला, आणि आबांना म्हणाले, "धरा."

आबा वाघरीत शिरले. पहिली लगेच धरली. दुसरी, तिसरी. चौथीपाशी जरा थांबले, कान धरून तोंड वर केलं आणि म्हणाले, "हीच. पर हिचं कोकरू त्या पलीकडलीला पितंय. हिचा सड दुखत असंल, बघा."

मेंढपाळानं वाकून पाहिलं. "आयला," तो म्हणाला. "मला आजून कळलं नव्हतं."

चांगदेव धनगर होते. एवढ्यावर त्यांचं अर्धं मन वळलं. अर्धं राहिलं. "आता मानसांचं," ते म्हणाले.

त्यांनी डोकं चालवलं. म्हातारे उभे केले तर सुरकुत्यांवरून, मिशांवरून अंदाज लागेल. म्हणून तीन तरणे निवडले. एक मेंढपाळ, एक रविराज आणि तिसरा स्वतःचा नातू, म्हणजे नवरा मुलगा. त्याची सेकंड शिफ्ट होती, तो निघायच्या बेतात होता. तिघांची उंची सारखी. तिघांची दाढी एकाच फोटोवरून कोरल्यासारखी. तिघांना गळ्यापासून पायापर्यंत घोंगड्या पांघरायला लावल्या, डोक्याला टॉवेल गुंडाळला आणि बोलायचं नाही, हलायचं नाही, अशी तंबी दिली. आबांना पाठमोरं उभं केलं होतं. मग वळवलं.

"तुमचा नातू धरा," चांगदेव म्हणाले. "सव्वीस वर्सं बघताय त्याला."

आबा समोर आले. रविराजला वाटलं, आपल्याला तरी ओळखतील. वाटणं साहजिक होतं. ज्या मांडीवर तो वाढला, ती मांडी चार फुटांवर होती. आबांनी पहिल्याकडं पाहिलं, दुसऱ्याकडं पाहिलं, तिसऱ्याकडं पाहिलं. पायांकडं पाहिलं, तिथं घोंगडी होती. हातांकडं पाहिलं, तिथंही घोंगडी होती. मग त्यांनी तोंडांकडं पाहिलं. नीट, मन लावून, एकेका तोंडावर थांबून. रविराजकडं ते सगळ्यात जास्त वेळ बघत राहिले. कपाळावर घाम आला होता. बहात्तराव्या वर्षाला टेकलेला माणूस गणित चुकू नये म्हणून जसा बघेल, तसं.

मग पुढं झाले आणि नवऱ्या मुलाच्या खांद्यावर हात ठेवला. "ह्यो माझा."

रविराजनं घोंगडी काढली नाही, कारण काढून काय करायचं, ते त्याला कळेना. वाघरीतलं एक कोकरू ओरडलं.

"चुकलं का?" आबांनी विचारलं. कुणाच्या तोंडावरची रेघ हलत नव्हती, आणि आवाज कुणी काढत नव्हतं.

चांगदेव नातवाकडं बघत होते. आबांचा हात अजून त्याच्या खांद्यावर होता आणि आबा तो काढत नव्हते. "नातू म्हनून धरला न्हवं?" चांगदेव म्हणाले. "धरला तर धरा. आता सोडू नगा." आणि घराकडं तोंड करून ओरडले, "जेवाया टाका गं!"

नवरा मुलगा त्या दिवशी कंपनीत अर्धा तास उशिरा पोचला. गेटवर थांबून त्यानं आधी एक फोन केला. धनश्रीनं नंतर रविराजला एवढंच सांगितलं, की फेटे ती जपून ठेवणार आहे, पुढंमागं लागतील.

परतताना न्हावरं मागं पडलं. मग मागून आबा म्हणाले, "तुझी गाडी वळखतो मी. वळणावर हाय तवापास्नं कळतं, रवी आला. सायलेन्सर फुटकाय न्हवं."

रविराजला ती गाडी बदलायची होती. पैसेही भरायला काढले होते. अजून बदललेली नाही. सायलेन्सरसुद्धा नाही.

लग्न ठरल्या तारखेला झालं. डीजे नव्हता, फेटे नव्हते. चांगदेव आपल्या करकरणाऱ्या वहाणा घालून, काठी आपटत आले आणि पाच पावलांवरून ओरडले, "चांगदेव, यवत, हजर हाय!" मग त्यांच्यामागचे सगळेच तसे ओरडत आले. आबांनी एकही गंध चुकवलं नाही.

राहता राहिला मच्छिंद्र मिस्त्रींचा जयभीम.

तोही द्यायला आबा गेले होते. लग्नाच्या आधी पत्रिका घेऊन, एकटे, गौतमी कॉलेजात असेल अशा वेळी. पण त्या दिवशी कॉलेजला सुट्टी होती आणि गौतमी खिडकीत होती. तिनं नंतर रविराजला सांगितलं ते असं. मिस्त्री ओट्यावर बसले होते. मिशी पुन्हा कधी ठेवलीच नव्हती. आबा समोर येऊन उभे राहिले, त्यांच्या पायांकडं पाहिलं, पाय अनवाणी होते.

"मच्छिंद्र हाय का घरात?" आबांनी विचारलं.

मिस्त्री एक शब्द बोलले असते, तर आबांनी आवाजावरून मिठी मारली असती. मिस्त्रींनी आबांच्या तोंडाकडं बघितलं. खूप वेळ बघितलं. मग नकारार्थी मान हलवली.

"आला की ही द्या त्याला," आबा म्हणाले. "म्हनावं, म्हस्कू आलावता. जयभीम घालाया आलावता म्हनावं. दुसऱ्याच्या हाती धाडायचा नसतू, म्हनून माघारी नेला."

ते गेल्यावर मिस्त्री पत्रिका हातात घेऊन बसून राहिले. गौतमी बाहेर येऊन म्हणाली, "पप्पा, काय हे?" मिस्त्री म्हणाले, "एकोणीस वर्सं झाली. एकदम कसं सोडू? बघू दे मला जरा."

लग्नाला ते आले. पांढऱ्या शर्टात, रांगेत उभे राहून, नाव न सांगता. आबा त्यांना "या, या, जेवून जावा" म्हणाले. जिलेबी त्यांनी दोनदा मागून घेतली आणि मंगळसूत्र बांधून झाल्यावर बौद्धवाड्यात परत गेले.

मिस्त्री लग्नाला येऊन गेले, एवढंच रविराजनं आबांना दोन दिवसांनी सांगितलं.

"आलावता?" आबा म्हणाले. "मग मी जयभीम घातला का त्याला?"

"नाही, आबा."

"मग राह्यलाच की."

"राहिला."

"बुधवारी जातो," आबा म्हणाले. त्यानंतर अकरा बुधवार झाले. दोनदा आबा गेले होते. दोन्ही वेळा ओट्यावर एक अनवाणी म्हातारा होता, त्यानं मान हलवून नाही म्हटलं. दुसऱ्या वेळी त्यानं पाणी मात्र आणून दिलं.